कपाळ हिरवं, पोट लाल

मी तापाची बंदूक बोलतोय. 'बोलतेय' म्हणा, असं कुणी शहाणा सांगायला येणार असेल तर त्यानं उंबऱ्याबाहेरच थांबावं. बंदूक हे नाव लोकांनी पाडलं. खोक्यावर माझं नाव थर्मामीटर असं छापलं होतं, आणि थर्मामीटर हा बाप्या असतो.

वय म्हणाल तर पाच-सहा वर्षं. पण आमच्या भावकीत एवढ्यात म्हातारपण येतं. माझ्याबरोबरचे निम्मे भंगारात गेले, उरलेले कपाटात बुरशी खातायत. मी टिकलो, कारण मी बबनरावांच्या हातात सापडलो आणि त्या माणसाच्या हातातून काहीच सुटत नाही.

जन्माचं फार आठवत नाही. एका बाईनं डोळा बसवला, दुसरीनं घोडा बसवला, तिसरीनं पोटात दोन सेल घातले आणि भिंतीवर धरून घोडा दाबला. मी 'टिक्' केलं. तेवढ्यावर मला खोक्यात कोंबलं. बारसं नाही, काही नाही.

उजेड दिसला तो माजलगावकडच्या एका साखर कारखान्याच्या गेटावर. ते आजाराचं साल होतं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं एकमेकांपासून लांब उभी, आणि गेटावर खाकी कपड्यातले बबनराव. रखवालदार. शाळा चौथीपर्यंत, आवाज मात्र कलेक्टरचा. साहेबांनी मला त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "बबनराव, पडदा हिरवा झाला तर माणूस आत, लाल झाला तर बाहेर. आकडे बघत बसू नका."

बबनरावांनी ते कायद्यासारखं डोक्यात घातलं. हिरवा, आत. लाल, बाहेर. मधलं काही नाही. त्या माणसाच्या डोक्यात मधलं काही कधी नव्हतंच.

दिवसाला पाचशे कपाळं बघितली मी. कुणी मी गोळी घालणार असल्यासारखे डोळे मिटायचे. कुणी हात वर करायचे. एक जण म्हणाला, "डोस्क्याला नगा लावू, मेंदू पातळ होतो," आणि मनगट पुढं केलं. दुसऱ्या दिवसापासून सगळी रांगच मनगट पुढं करून उभी! बबनराव ओरडले, "बांगड्या भरायला आलाव का बे? कपाळ आना हिकडं!"

एकदा विजयसिंह आले. पुढारी माणूस. पांढरे कपडे, मागं दहा माणसं. भर उन्हात दोन तास भाषण ठोकून आले होते. बबनरावांनी मला कपाळापुढं धरलं आणि मी लाल झालो. कपाळ तापलेलं होतं, मी काय करू? सगळे गार पडले. विजयसिंह बबनरावांकडं बघतायत, बबनराव माझ्याकडं. मग बबनरावांनी मला फिरवलं, स्वतःच्या कपाळाला लावलं, मी हिरवा झालो, आणि ते खणखणीत बोलले, "हिरवा हाय साहेब, चला आत!"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी खरं सांगून भागत नाही. मला कुठं धरलंय, त्यावर सगळं आहे.

पुढं आजार ओसरला, फडकी गेली, बबनरावांची नोकरीही संपली. जाताना त्यांनी कचेरीत विचारलं, "हिला घिऊन जाऊ का?" तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "न्या, न्या, तेवढीच अडगळ कमी." अडगळ! पाचशे कपाळं रोज, आणि अडगळ! असू द्या. माणसाची रीतच ती.

असा मी धारूरच्या डोंगराखालच्या त्यांच्या गावी आलो. वाटलं, आता आराम. कसला आराम! बबनरावांचं गेट सुटलं होतं, रखवालदारी सुटली नव्हती. दारात येईल त्याच्या कपाळाला मी. पोस्टमन, भांडी विकणारी, पाहुणेरावळे. एकदा म्हशीला लावलं. तिनं शिंग हलवलं आणि मी शेणात.

बायको वत्सलाबाई मला मुडदा म्हणायच्या. "अव, त्यो मुडदा माज्या कपाळाला लावाल तर भाकरी मिळनार न्हाई," असं ठणकावून सांगितल्यामुळं ते एक कपाळ तेवढं सुटलं. पण सूड त्यांनी निराळाच उगवला. टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले की त्या माझ्या पोटातले काढायच्या. मालिका लागायची वेळ झाली की माझा जीव जायचा, आणि संपली की कधी परत यायचा, कधी नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे सुकन्या, त्यांची नात. सगळे तिला सुकी म्हणतात. तिचे आईबाप, म्हणजे मुलगा रामेश्वर आणि सून, दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परत येतात. तोवर सुकी आजी-आबांकडं. जाताना रामेश्वर दरवर्षी एकच वाक्य बोलतो, "आबा, पोरगी तुमच्या हवाली." आणि रोज सकाळी फडावरून त्याचा फोन येतो.

सुकी चौथीत होती, म्हणजे शिक्षणात आबांच्या बरोबरीला आलेली. डोक्यानं त्यांच्या पुढं. तिनं आठ दिवसांत माझं मर्म ओळखलं. सकाळी चुलीपुढं बसायचं, कपाळ जाळाकडं करायचं, आणि पळत आबांकडं जायचं. "आबा, ताप आलाय वाटतं." मी लाल. लाल म्हणजे बाहेर, बाहेर म्हणजे शाळा नाही. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा पोरगी जाळाजवळ जरा जास्तच बसली. आकडा माझ्या आवाक्याबाहेर गेला. तसं झालं की माझ्या पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं येतात.

"हे काय आलं गं?" बबनरावांनी विचारलं.

"हाय," सुकीनं वाचलं.

"काय हाय?"

"ताप हाय, आबा. तीच सांगती की बंदूक. हाय!"

बबनराव क्षणभर खूश झाले. आपली बंदूक आपल्या बोलीत बोलते, असं कुणाला वाटणार नाही? मग त्यांच्या नाकाला जळक्या केसांचा वास आला. सुकीच्या भुवईवरची बट कुरळी होऊन गेली होती. त्या दिवशी त्यांनी तिला हाताला धरून शाळेत नेलं आणि गावभर सांगत फिरले, "रखवालदाराला फसवती! चुलीला कपाळ लावून!"

हसण्यावारी गेलं ते. पण तेव्हापासून सुकीचा शब्द त्या घरात खोटा ठरला आणि माझा खरा. इथंच घोळ झाला.

पौषातली थंडी होती, हुरड्याचे दिवस. सकाळी सुकी अंथरुणातच म्हणाली, "आजी, पोटात दुखतंय." बेंबीवर हात ठेवून बसली होती. मग परसात जाऊन ओकली आणि रांजणातल्या गार पाण्यानं तोंड धुवून आली.

"परवा शेतात हुरडा हादडलास, त्यो बाधला," वत्सलाबाई म्हणाल्या.

"कपाळ आन हिकडं," बबनराव म्हणाले.

मला धरलं. गार पाण्यानं धुतलेलं, थंडीत काकडलेलं कपाळ. मी हिरवा झालो. दुसरं काय होणार? पोरीच्या पोटात काय पेटलंय ते मला कपाळातून कसं दिसावं? पण मला तोंड नाही. मला फक्त 'टिक्' आहे.

"हिरवी हाय. दप्तर उचल."

"आबा, खरंच दुखतंय."

"तुजं खरंच मला ठावं हाय. चुलीला जाऊन इचार."

तेवढ्यात रामेश्वरचा फोन आला. "आबा, सुकी कशी हाय?"

"ठनठनीत. आत्ताच बघितली, हिरवी हाय. शाळंला चाललीय, उशीर झालाय तिला." आणि ठेवला फोन. सुकी दारात दप्तर घेऊन उभी होती. वाकून चालत गेली.

साडेदहाला तिची मैत्रीण तिला धरून घेऊन आली. गुरुजींनी पाठवलं होतं. आता हात बेंबीवर नव्हता, उजवीकडं खाली सरकला होता. आल्या आल्या उजव्या कुशीवर पडली, गुडघे पोटाशी घेऊन.

"बेंबी सरली," वत्सलाबाईंनी निकाल दिला. "छबुबाईला बोलवा." आणि ती येईस्तोवर त्यांनी तव्यावर खडेमीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि त्या पुरचुंडीनं शेकायला लागल्या. पोरगी उजव्या कुशीवर, म्हणजे वर कुठली बाजू? डावी. मग शेक कुठं? डावीकडं. दुखतंय कुठं ते विचारतो कोण!

छबुबाई म्हणजे गावात कुणाची बेंबी सरली की अंगठ्यानं जागेवर आणणारी बाई. येताना ओटीत गरम हुरडा घेऊन आली. "सुके, आधी ह्यो खा, मंग बगू तुजं पोट."

सुकीनं तोंड फिरवलं.

छबुबाईनं पोटाला बोटं टेकवली, नुसती टेकवली, तर पोरगी अशी किंचाळली की म्हैस दावं ओढायला लागली. छबुबाईनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला.

"वत्सला, ही बेंबी न्हाई."

"मंग काय हाय?"

"ते मला कळत न्हाई, म्हनून तर हात काढला. बेंबीवाल्या पोराला चोळलं की गुंगी येती, ही वरडती. चोळायचं न्हाई आन दाबायचं न्हाई. दवाखान्यात न्या."

"पन हिरवी हाय की!" बबनराव मला नाचवत म्हणाले.

"तुमची बंदूक घाला चुलीत!"

एरवी बबनरावांनी तिला गेटाबाहेर काढलं असतं. पण त्यांची नजर त्या हुरड्यावर होती. गरम, हिरवागार, बाजूला चटणी. आणि सुकी, जी परवाच एका मुठीसाठी आबांशी भांडली होती, ती तोंड फिरवून पडली होती. ते उठले, चौकातून जीप बोलावली, रिमोटमधले ताजे सेल काढून माझ्यात घातले आणि मला खिशात टाकलं.

"तिला कशाला घेताव?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"मॅडमला दाखवाया. हिरवी हाय म्हनून." वाटभर त्यांचा हात खिशात मला घट्ट धरून होता. जीप खड्ड्यातून चालली होती म्हणा. पण जीप थांबल्यावरही तो सुटला नाही.

धारूरला डॉक्टर रोहिणी मॅडम होत्या. नीट बोलणारी बाई. त्यांनी सुकीला विचारलं, "बाळा, कुठं दुखतंय?"

आणि सुकी म्हणाली, "कुटंच न्हाई."

आता बोला! जीपमध्ये कुणीतरी 'आप्रेशन' हा शब्द काढला होता आणि पोरीनं तो ऐकला होता. मॅडमनी दाबून बघितलं तर दातावर दात रोवून गप्प राहिली. आबांचीच नात ती.

"बगा," बबनराव घाईनं म्हणाले, "सकाळी बी हिरवी होती," आणि मला काढून पुढं धरलं.

मॅडमनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "आजोबा, ही कपाळाला धरून पोटातलं कळत नाही. पण थांबा. पोटात उजवीकडं खाली सूज असेल तर कधी कधी तिथली कातडी डावीपेक्षा जरा गरम लागते. मी वाचलंय त्याबद्दल. पक्कं नाही, पण बघायला काय हरकत?" त्यांनी माझं खालचं बटण दाबलं. त्यानं मी नुसत्या कातडीचा, भिंतीचा, तव्याचा आकडा सांगतो.

"हिरवा का लाल?" बबनरावांनी विचारलं.

"ह्यात रंग नसतो, आजोबा."

"रंग न्हाई? मंग कळायचं कसं?"

"दोन्ही बाजू मोजायच्या आणि फरक बघायचा."

एवढी वर्षं मी त्यांच्या हातात होतो आणि माझं दुसरं बटण त्यांनी कधी दाबलं नव्हतं.

उजवीकडं धरलं. चौऱ्याण्णव. डावीकडं धरलं. नव्याण्णव! पाच अंशांनी जास्त, आणि तेही भलत्याच बाजूला. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "उलटं कसं? उजवी बाजू तर गारच आहे." त्या जरा थांबल्या. "दुखतही नाही म्हणते. दुपारपर्यंत इथंच ठेवून बघू."

मला सेल गळून पडावेत असं झालं. मी खरंच सांगत होतो, अहो! डावी बाजू नव्याण्णवच होती! पण ती का होती, ते कुणी विचारत नव्हतं.

"दुपारपर्यंत बघू," हे ऐकून बबनरावांना सुटल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. गेटावर उभं राहून माणसाला एक वाईट खोड लागते. सगळं नीट दिसलं की संशय येतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सुकीकडं बघितलं. मग नाक वर करून हुंगलं.

"मॅडम, ह्यात चूल हाय."

"काय?"

"ही बंदूक चुलीला फसती. मला दोनदा फसवलंय ह्या पोरीनं. कुनीतरी त्या बाजूला तापवलंय." आणि ते वत्सलाबाईंकडं वळले. "ए रामेश्वरची माय, पदराखाली काय हाय?"

"काय न्हाई."

"काढ भाईर!"

"अव, थंडी वाजती मला."

"गेटावर पंधरा वर्सं उसाच्या ट्रका तपासल्यात मी! काढ!"

मिठाची पुरचुंडी टेबलावर आली. अजून चांगलीच गरम होती. वत्सलाबाई जीपमध्ये पूर्ण वाटभर, गोधडीखालून, पोरीची डावी बाजू शेकत आल्या होत्या.

"मॅडम रागावतील म्हनून लपवली," वत्सलाबाई पुटपुटल्या. "माज्या सासूनं बी शेकच दिला होता मला."

"तुज्या सासूला बी गेटाभाईर काढायला पायजे होतं!"

"ती तुमची आई होती!"

मॅडमना हसू आलं होतं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. सुकीचं पोट उघडं ठेवलं, पंखा बंद केला, खिडकीचं ऊन पडद्यानं अडवलं. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. पोट आपल्या मूळ तापमानावर येऊ द्यायचं.

ती वीस मिनिटं मी टेबलावर पडून होतो. बबनराव सुकीच्या उशाशी खाली बसले. मोठा आवाजवाला माणूस हळू बोलायला लागला की ऐकणाऱ्यालाच भीती वाटते.

"सुके. मला खरं सांग. चूल राहू दे. तुजी शपथ, मी तुला खोटं म्हननार न्हाई. कुटं दुखतंय?"

सुकी छताकडं बघतच बोलली, "आबा, आधी बेंबीत होतं. आता हिकडं." तिनं बोट ठेवलं. उजवीकडं, खाली. "लई दुखतंय, आबा. सकाळपासनं."

मॅडमनी पुन्हा मला उचललं. डावीकडं ब्याण्णव. उजवीकडं चौऱ्याण्णवला टेकलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी सुकीला उतरवून एका पायावर उडी मारायला सांगितली. तिनं पाय उचलला आणि आबांच्या सदऱ्याला धरून तशीच वाकली.

"आजोबा, ही बंदूक एकटी काही सांगत नाही," मॅडम चिठ्ठी लिहितच बोलत होत्या. "पण बेंबीपासून सरकलेलं दुखणं, उलटी, जेवण नको, उडी मारवत नाही, आणि वर हे. अपेंडिक्स असू शकतं. अंबाजोगाईला न्या, आत्ता. तिथं सोनोग्राफी होईल. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका. आणि शेक बिलकुल नको."

पुरचुंडी बबनरावांनी स्वतः खिडकीतून बाहेर फेकली.

अंबाजोगाईला दिवस मावळायच्या आत ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "फुटायच्या बेतात होतं. वेळेत आणलंत." बबनराव मान हलवत राहिले. मग त्यांनी फोन काढला आणि रामेश्वरला लावला. मी खिशात होतो, सगळं ऐकलं.

"रामेश्वर, पोरगी चांगली हाय. अपेंडीस होतं, काढलं. तुमी दोघं या." "आन ऐक. सकाळी मी तुला हिरवी म्हनलो. ते माजं चुकलं. पोरगी पोट म्हनत होती आन मी कपाळाला इचारत बसलो."

चौथीपर्यंत शिकलेल्या, कुणालाही कधी चुकलो न म्हणालेल्या माणसानं तीन वाक्यांत ते सांगितलं. मी एवढी कपाळं बघितली, पण असं बोलणं एकाकडूनही ऐकलं नाही.

आता मी चुलीपासून लांब, दारामागच्या खुंटीला टांगलेला असतो. पडदा अंधूक झालाय, घोडा दोनदा दाबावा लागतो. गावातली माणसं सदरे वर करून येतात. "बबनराव, अपेंडीस बघा की!" त्यांना बबनराव हाकलून लावतात. "ह्यो काय डाक्टर हाय का बे? धारूरला जा!" बरं करतात. तुम्हालाही तेच सांगतो. माझ्या हिरव्यावर पोरं शाळेत धाडू नका आणि माझ्या आकड्यावर पोटं फाडू नका. मला धरायचं तर धरा, पण आधी पोराला विचारा. विचारून झाल्यावर ते काय सांगतंय ते ऐका. हे दुसरं तुम्ही विसरता.

सुकीच्या पोटावर आता बोटभर वण आहे आणि तो ती शाळेत सगळ्यांना दाखवते. परवा सकाळी ती आबांपुढं येऊन उभी राहिली. "आबा, डोकं दुखतंय." बबनरावांनी मला खुंटीवरून काढलं, कपाळापर्यंत आणलं, आणि घोडा न दाबता तसंच थांबले.

"कुटं दुखतंय? बोट ठिव."

तिनं बोट ठेवलं. आबा वाकून बघत राहिले. पोरगी फिस्कन हसली. गणिताची चाचणी होती.

तरीपण त्यांनी तिला खोटं म्हटलं नाही. "डोकं दुखतंय तर दुखतंय. चाचनी दिऊन ये, मंग परत इचारतो," एवढंच म्हणाले आणि मला खुंटीला अडकवलं.

आणि एक सांगायचं राहिलं. वत्सलाबाई आता माझ्या सेलला हात लावत नाहीत. रिमोटचे संपले की भिंतीवरच्या घड्याळातला काढतात. त्या घरात महिन्याभरापासून सव्वातीन वाजलेत. पण मला अजून टिक् करता येतंय.